अर्धा दात आणि अकरा धागे

माझ्या वरच्या दातांतला पुढचा डावा दात अर्धा आहे. तो कसा तुटला याच्या आजवर मी निदान नऊ गोष्टी सांगितल्या असतील. लग्नाआधी बायकोला सांगितलं, खानापूरच्या रानात रानडुकराशी झटापट झाली. तिनं विश्वास ठेवला, म्हणून तर लग्न झालं. नातवंडं ऐकायच्या वयाची होईतोवर त्या डुकराचा बिबट्या झाला होता. सदलग्याच्या व्याह्यांना मी सांगितलं की ऊस खाताना तुटला, कारण त्यांचा ऊस आहे आणि त्यांना बरं वाटतं. आता टिळकवाडीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की काका, हे सगळं काढून कवळी बसवू. म्हणजे पुरावाच जाणार. तो जायच्या आधी खरं काय ते लिहून ठेवतो. आकडे फुगवून सांगायची आमच्या घराण्यातच खोड आहे, तेव्हा यातल्या कुठल्याही आकड्यावर वाचणाऱ्यानं भरवसा ठेवू नये. फक्त दोन आकडे, सात आणि अकरा, मी तसूभरही फुगवलेले नाहीत. त्यांच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो आहे.

वडगावात आमचं घर म्हणजे पुढच्या बाजूला चार यंत्रमाग आणि मागच्या बाजूला, जागा उरली तर, आम्ही. आप्पा पहाटेच बटण दाबायचे आणि मग दिवस मावळेपर्यंत खटाक-खट, खटाक-खट. भिंतीवरची भांडी फळीवरून एकेक बोट पुढं सरकत यायची. आई संध्याकाळी ती पुन्हा मागं ढकलायची. मी जन्मल्यावर रडलो की नाही हे घरात कुणालाच ठाऊक नाही, कारण ऐकू आलं नाही. आमच्या गल्लीत कुणी बोलत नसे, सगळे ओरडत. आणि जे ओरडण्यासारखं नसे ते ओठांनी. अजूनही आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं लग्नात मांडवाच्या या टोकाहून त्या टोकाला ओठ हलवून जेवणाला नावं ठेवतात आणि यजमानाला पत्ता लागत नाही. घोटाळा व्हायचा तो लाईट गेल्यावर. शंभर घरांतले माग एका झटक्यात थांबायचे आणि जो जे ओरडत असेल ते उघडं पडायचं. एकदा आई शेजारणीला आप्पांच्या मूळव्याधीचं सांगत होती. नेमकी ‘मूळव्याध’ म्हणताना लाईट गेली. पुढचा महिनाभर आप्पांना गल्लीतला प्रत्येक माणूस ताकाचा पेला पुढं करत होता.

दुपारी मात्र माग तासभर बंद ठेवायचे, जेवणासाठी. ज्वारीची भाकरी, अळसांद्यांची, म्हणजे चवळीची, उसळ आणि आईचा खर्डा. हिरव्या मिरच्या तव्यावर होरपळवून, लसूण आणि शेंगदाणे घालून ती पाट्यावर अशी काही रगडायची की शेजारच्या घरातली माणसं शिंकायची. तो खर्डा खाऊन एक पाहुणा पाणी पाणी करत जो पळाला तो निपाणीच्या अलीकडं थांबला नाही. पण तो परत आला, आणि आल्यावर आधी खर्डाच मागितला. तो पुढं या गोष्टीत येणार आहे. खर्डा, पाहुणा नव्हे.

आमची वरची गल्ली. मध्ये एक नळ, आणि नळाच्या पलीकडं खालची गल्ली. वरच्या गल्लीत घरात मराठी, खालच्या गल्लीत बऱ्याच घरांत कानडी, पण दोन्हीकडच्या पोरांना दोन्ही भाषा यायच्या. शिवी कुठली द्यायची हे ती कुठल्या भाषेत जास्त झोंबते त्यावर ठरायचं. दोन्हीकडच्या बापांचे माग सारखे, साड्या सारख्या, सूत आणायचं दुकान एक. पण आम्ही सतरा-अठरा वर्षांचे होतो, अंगात नको तितकी वीज होती, आणि नळाच्या पलीकडं कुणीतरी आपल्याकडं बघून हसतंय एवढं आम्हाला पुरत होतं. वरच्या गल्लीचा म्होरक्या मी, दिगंबर ऊर्फ दिगू. खालच्या गल्लीचा इराण्णा. तो माझ्याहून वीतभर उंच होता. (आता तो म्हणतो दोन विती. त्याचीही आकड्यांची खोड माझ्याइतकीच आहे.)

तर कबड्डी. रविवारी मैदानावर दोन गल्ल्यांचा सामना. मी चढाईला गेलो, एकाला शिवलो, परतताना इराण्णानं मागून कंबर धरली, आम्ही दोघंही पडलो आणि त्याचं कोपर माझ्या तोंडावर आलं. मी उठलो तेव्हा अर्धा दात मातीत होता. त्याला धरून आणखी अर्धी जिलबी होती, जी मी सामन्याच्या आधी गालात ठेवली होती. तिला बघून खालच्या गल्लीतली सगळी पोरं हसली. दात गेल्याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं. पण ते हसणं! मी तिथंच सगळ्यांदेखत सांगितलं, “इराण्णा, फुडल्या रविवारी परतीचा सामना हाय. त्या दिवशी तू चालत घरी गेलास तर मी नाव बदलीन.”

हे वाक्य बोलायला फार सोपं होतं. बोलल्यावर मात्र मला आठवडाभर तसं वागावं लागलं. माझा मित्र परशा, ज्याला स्वतः कधी मारामारी करायची नसायची पण दुसऱ्यानं केलेली फार आवडायची, तो म्हणाला, “दिग्या, हातानं न्हाय भागायचं. सायकलची चेन घे. हाताला गुंडाळायची.” मी चेन घेतली. ती माझ्याच सायकलची होती, त्यामुळं सगळा आठवडा मी सायकल हातानं ढकलत फिरलो. आप्पांनी दोनदा विचारलं, “सायकलला काय झालंय रं?” मी म्हणालो, “पायाला व्यायाम.” खालच्या गल्लीतही लोखंडी कायबाय गोळा होत असल्याची बातमी परशानं आणली. आज हे लिहिताना हसू येतं, पण त्या आठवड्यात कुणी हसत नव्हतं. त्याच्या आधीच फौजदारांनी दोन्ही गल्ल्यांतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून सांगितलं होतं की आता एक जरी मारामारी झाली तर दोन्हीकडच्या पोरांची नावं रावडी यादीत चढतील. त्या यादीत एकदा नाव चढलं की उतरत नाही. प्रत्येक सणाला, प्रत्येक मोर्चाला पोलीस दारात. नोकरी नाही, सोयरीक नाही. माझं नाव यादीच्या वरच्या टोकाला असणार हे आई-आप्पांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. आणि लाज वाटते सांगायला, पण मला त्याचा थोडा अभिमानच वाटत होता.

सोमवारी सकाळी आप्पा मला म्हणाले, “चल, शेवंताक्काकडं.”

फौजदाराला मी भीत नव्हतो; शेवंताक्काला दोन्ही गल्ल्यांतला रेडासुद्धा भ्यायचा. ती नळाच्या अगदी बाजूला राहायची, म्हणजे ना वरच्या गल्लीत ना खालच्या. साडेचार फूट उंची, आवाज मात्र चालू मागाच्या वर ऐकू येणारा. आणि डोळे! मागावरच्या साडीत एक धागा चुकलेला असेल तर तिला म्हणे गल्लीच्या तोंडातूनच दिसायचा. मी तिला एकदा मांजरीच्या पोटातलं पिल्लू नर की मादी ते सांगताना पाहिलंय. तिचा धंदा वहीफणीचा. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. साडीचे उभे धागे, तो ताणा (एका ताण्यात आठ साड्या निघतात), मागावर चढवायच्या आधी त्यातला एकेक धागा ओवावा लागतो: आधी ‘वही’ नावाच्या दोऱ्यांच्या जाळीतल्या बारीक डोळ्यातून, मग फणीच्या दातांमधून. साडीला दोन हजार चारशे धागे. दोन हजार चारशे वेळा. आणि हे काम एकट्याला करता येत नाही. वहीच्या पलीकडं एक माणूस बसतो, तो ताण्यातला धागा निवडून पुढं धरतो. अलीकडं दुसरा बसतो, तो डोळ्यातून तारेचा आकडा घालून धागा ओढून घेतो. दोघांची तोंडं समोरासमोर, मध्ये एका हाताचं अंतर आणि दोऱ्यांची जाळी.

दोन्ही गल्ल्यांत रीत अशी होती की पोरं भांडली की कुणी त्यांना मारायचं नाही, कुणी उपदेश करायचा नाही. दोघांना शेवंताक्काच्या वहीफणीवर बसवायचं. एक ताणा पुरा होईपर्यंत. दोन्हीकडचे बाप आपल्या पोराला कामावरून अर्धा दिवस सोडायचे, आणि दोन्हीकडच्या आया जेवण पाठवायच्या.

आम्ही पोचलो तेव्हा इराण्णा आधीच येऊन बसला होता, पलीकडं. त्याचे वडील दारात उभे होते. दोन्ही बाप एकमेकांना रामराम करून सुताच्या भावाबद्दल बोलत निघून गेले, जणू आम्हाला शाळेत सोडायला आले होते. शेवंताक्कानं माझ्या हातात आकडा दिला.

“बोलायचं न्हाय,” ती म्हणाली. “धरणाऱ्यानं म्हणायचं ‘घे’. वडणाऱ्यानं म्हणायचं ‘आला’. बाकी एक सबूद काढला तर त्या सबदागणिक शंभर धागे जास्त.”

इराण्णानं धागा पुढं धरला आणि म्हणाला, “तगो.”

मी अक्काकडं बघितलं. “अक्का, त्यो कानडीत म्हणतोय.”

“मग? धागा काय मराठी हाय?” अक्का म्हणाली. “आणि तुझे शंभर वाढले. चार सबूद बोललास, पर पयला दिवस हाय म्हणून शंभरच.”

तर सुरू झालं. तगो, आला. तगो, आला. पहिल्या तासाला माझं हे ‘आला’ म्हणजे ‘थांब, दाखवतो’ असं होतं. जाळीतून त्याचा चेहरा चौकोन चौकोन दिसायचा आणि मी प्रत्येक चौकोनावर रविवारी काय करायचं ते ठरवत होतो. दुसऱ्या तासाला मान दुखायला लागली. तिसऱ्या तासाला माझ्या लक्षात आलं की इराण्णाच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे. हे मला अजिबात माहीत करून घ्यायचं नव्हतं.

मग जेवण आलं, आणि या रीतीतली दुसरी कळ समोर आली. डबे अदलाबदल. माझ्या आईचा डबा इराण्णापुढं आणि त्याच्या आईचा, गंगव्वाचा, माझ्यापुढं. मी डबा उघडला: भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगायी, जवसाची चटणी. मला पक्की खात्री होती की यात विष आहे. मी एक घास अक्काच्या मांजरीला घातला आणि बघत बसलो. मांजरीनं तो खाल्ला आणि दुसरा मागायला माझ्या मांडीवर चढली. तेव्हा मी जेवलो. वांगं काय होतं म्हणून सांगू! पण भाकरी चावता येईना. दातात कळ जायची. मी भाकरीच्या कडा सोडून दिल्या. पलीकडं इराण्णानं आईच्या खर्ड्याचा पहिला घास घेतला, आणि त्याच्या नाकातून, डोळ्यांतून, मला वाटतं कानांतूनसुद्धा पाणी आलं. मी मनात म्हटलं, रविवारपर्यंत थांबायची गरज नाही, आईनंच काम केलं. पण त्यानं डोळे पुसले आणि डबा बोटानं चाटून पुसून ठेवला.

दुसऱ्या दिवशी गंगव्वाचा डबा उघडला तर भाकरी कुस्करून दुधात भिजवलेली. मी बराच वेळ त्या डब्याकडं बघत बसलो. माझ्या दाताचं गंगव्वाला कुणी सांगितलं असेल? तिला मी कधी भेटलो नव्हतो. समोर बघितलं तर इराण्णा मांजरीकडं बघत होता, जणू मांजर म्हणजे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

इथं एखादा चांगला माणूस विरघळला असता. मी चिडलो. मला वाटलं हे लोक मला गोड बोलून गुंडाळताहेत. परशा संध्याकाळी म्हणालाच, “काय रं, दूध-भाकरी खाऊन म्होरक्या मवाळ झाला काय?” म्हणून मग मी ते काम केलं, जे कुठल्याही विणकराच्या पोरानं करू नये. गुरुवारी आम्ही जागा बदलल्या. मी पलीकडं, धागे धरायला. वहीफणीत धागा चुकला तर त्याचा दोष ओढणाऱ्याचा, अशी पद्धत. मी मुद्दाम चुकीचे धागे पुढं धरले. एक सोडून पुढचा, मग मागचा, असे उलटे-पालटे. एकूण सात. मोजून सात, कारण जास्त केले असते तर संशय आला असता. असा धागा एकदा ओवला की साडीभर, पदरापासून निऱ्यांपर्यंत, लांबच लांब रेघ दिसते. माझ्या मनात होतं, अक्का शनिवारी ताणा तपासेल, चुका सापडतील, इराण्णाला सगळ्यांदेखत बोलणी बसतील.

इराण्णा प्रत्येक वेळी क्षणभर थांबला. सातही वेळा. मग त्यानं धागा ओढला आणि म्हणाला, “बंतु.” म्हणजे ‘आला’.

शनिवारी दुपारी शेवटचा धागा ओवून झाला. त्या संध्याकाळी आम्ही मोकळे आणि रविवारी सामना. चेन माझ्या उशाखाली होती. अक्का ताण्यावर वाकली. तिचं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेलं, मध्ये मध्ये थांबत. मग ती सरळ झाली.

“अकरा,” ती म्हणाली. “अकरा चुकलेत. कुणी वडलं?”

मी दचकलो. अकरा? मी तर सात केले होते. पण तोंड उघडायची सोय नव्हती. इराण्णा म्हणाला, “मी, अक्का. माझं ध्यान न्हवतं.”

“मग पुन्यांदा भरायचं. जिथं पयला चुकला तिथंनं फुडं सगळं काढून. उद्या सकाळपास्नं. दोघांनीबी.”

“उद्या सामना हाय अक्का,” मी म्हणालो.

“व्हय. आणि ताणा तुझ्या आप्पाचा हाय. उद्या बसतोस का आत्ताच त्याला जाऊन सांगू, का तुझ्या पोरानं तुझ्या आठ साड्या नासवल्या?” हे म्हणताना ती माझ्याकडं बघत होती. इराण्णाकडं नव्हे.

अक्का पाणी आणायला आत गेली. नियम मोडून मी पहिल्यांदा इराण्णाशी बोललो. “तुला ठावं हुतं, चुकीचे देतोय म्हणून?”

“व्हय.”

“मग बोलला का न्हाईस?”

त्यानं खांदे उडवले. “बोललो असतो तर आज संपलं असतं. पुन्यांदा भरायचं म्हंजे उद्याबी तुझ्या आईचा खर्डा.”

मी हसलो. अर्ध्या दाताच्या फटीतून ते हसू शिट्टीसारखं बाहेर आलं, आणि त्या शिट्टीला तो हसला. या वेळी मला त्याचं हसणं लागलं नाही. मी विचारलं, “गंगव्वाला दाताचं तूच सांगितलंस?” तो म्हणाला, “मग काय मांजरीनं सांगितलं?”

रविवारी सकाळी आम्ही बसलो. दहाच्या सुमारास परशा वरच्या गल्लीची वीसेक पोरं घेऊन खिडकीपाशी आला. (वीसच होती. मी एरवी दोनशे सांगतो.) माग धडाडत होते, त्यामुळं तो काय ओरडतोय ते ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळलं: भाईर ये, सगळे थांबलेत. दुसऱ्या खिडकीत खालच्या गल्लीची पोरं. त्यांच्या हातात पिशव्या होत्या आणि पिशव्यांत काय आहे ते पिशव्यांच्या आकारावरून कळत होतं. अक्का दारात जाऊन बसली, उंबऱ्यावर, हातात काही न घेता. मला आजही ते चित्र दिसतं. साडेचार फुटाची बाई, दोन्हीकडं पोरं, आणि आत आम्ही दोघं, हातात धागा.

आणि लाईट गेली.

शंभर घरांतले माग थांबले. ती शांतता एवढी मोठी होती की नळाचं ठिबकणं ऐकू आलं. त्या शांततेत सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, “तगो.” “आला.” “तगो.” “आला.” आम्हाला थांबताच आलं नाही. सहा दिवसांत ते तोंडात बसलं होतं. मी ‘तगो’ म्हणत होतो आणि इराण्णा ‘आला’, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. ते आधी खिडकीतल्या एका पोराच्या लक्षात आलं आणि तो खुदकन हसला. मग दुसरा. परशानं खिडकीतून डोकं आत घातलं. “आरं, तू कानडीत काय बोलाय लागलास? येतोस का न्हाय?”

मी म्हणालो, “नऊशे ऱ्हायलेत परशा. ह्यो ताणा आमच्या आप्पाचा हाय.”

“आणि चेन?”

“चेन घरात हाय. मला ती सायकलला पायजे. आठ दिस ढकलतोय.”

परशा माझ्याकडं असं बघत राहिला जणू मी धर्म बदलला. म्होरकेच नाहीत म्हटल्यावर बाकीची पोरं कुणाशी आणि कशाला लढणार? थोडा वेळ घुटमळली. अक्कानं उंबऱ्यावरूनच सांगितलं, “उभं ऱ्हायचं आसंल तर सुताच्या कांड्या भरा. लाईट न्हाय, हातचा रहाट हाय.” तेवढ्यात आमची आई आणि गंगव्वा नळाच्या दोन्ही बाजूंनी डबे घेऊन आल्या; त्या आठवड्यात त्याही पहिल्यांदाच समोरासमोर आल्या. खर्ड्याच्या कृतीवरून त्या तिथंच बोलत उभ्या राहिल्या आणि त्यांना ओलांडून दगड मारणं कुठल्याही पोराच्या बापाला जमलं नसतं. दुपारनंतर कबड्डी झालीच, पण पिशव्या नळापाशी ठेवून, आणि आम्हा दोघांशिवाय. कोण जिंकलं ते वरच्या गल्लीत विचाराल तर वरची आणि खालच्या गल्लीत विचाराल तर खालची. संध्याकाळी शेवटचा धागा ओवल्यावर इराण्णा माझ्याबरोबर घरी आला आणि त्यानं माझ्या सायकलला चेन बसवून दिली. मला बसवता येत नव्हती. मला फक्त काढता येत होती.

मध्यंतरी टिळकवाडीत एका सभागृहात तरुणांमधली हिंसा आणि समाजाची जबाबदारी असा काहीतरी कार्यक्रम होता. एका चांगल्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं होतं, कारण अजूनही दोन्ही गल्ल्यांतली पोरं भांडली की आमच्याकडं पाठवतात. आता भांडण मोबाईलवरच्या स्टेटसवरून होतं, पण दात तसेच तुटतात. आम्ही त्यांचे मोबाईल ज्वारीच्या डब्यात ठेवतो आणि दोघांना वहीफणीवर बसवतो. बाईंनी विचारलं, तुमचं मॉडेल काय आहे? इराण्णा म्हणाला, “मॉडेल काय न्हाय बाई. तीन धागे चुकले तरी चालतात, पर डबा चुकला न्हाय पायजे.” बाईंनी ते लिहून घेतलं. बिस्किटं चांगली होती.

पण तो अकराचा हिशेब मला वर्षानुवर्षं सुटेना. सात माझे. बाकीचे चार कुणाचे? मी इराण्णाला धरून बसलो की तूच केलेस, खर्ड्यासाठी. तो देवीची शपथ घेऊन म्हणायचा की न्हाय, मला तर वाटलं सगळेच तुझे. आमची यावरून जितकी भांडणं झाली तितकी कबड्डीवरून झाली नाहीत. शेवटी अक्का फार थकल्यावर, दिसायचं कमी झाल्यावर, एका दुपारी मी तिच्यासाठी गंगव्वाच्या पद्धतीनं दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन गेलो. तिलाही आता चावता येत नव्हतं. ती जेवत असताना मी विचारलं, “अक्का, ते चार धागे कुणाचे?”

तिनं घास गिळला. मग वहीच्या पलीकडच्या रिकाम्या जागेकडं बघून ती म्हणाली, “तिथं म्हादू बसायचा. माझा धाकटा भाऊ.”

म्हादूबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं की तो एका मारामारीत तुरुंगात गेला, सुटून आला, यादीत नाव चढलं आणि मग एक दिवस गाव सोडून गेला. तो कुठं गेला हे कुणालाच कळलं नाही. त्याची जागा रिकामी झाली म्हणून अक्कानं पंचांकडं भांडणारी पोरं मागून घेतली होती, हेही मला त्या दुपारी कळलं. तिला वहीच्या पलीकडं कुणीतरी हवं होतं.

“आमचा हात लई चालायचा,” अक्का म्हणाली. “मारामारीच्या त्या दिवशी ताणा तासभर आधीच भरून झाला. म्हादू म्हणाला, अक्का, संपलं न्हवं, जाऊ का? मी म्हटलं, जा. बाहेर पोरं बोलवतच हुती.”

तिनं वाटी माझ्यापुढं सरकवली. आत थोडी भाकरी उरली होती. “तुमचं शनवारी संपत आलतं रं दिगू,” ती म्हणाली. “माझ्याच्यानं बघवंना. तुम्ही जेवायला बसला तवा चार मी उलटं केलं.”